लक्ष्मीपुरीतला इस्त्रीचा मिस्त्री

आमच्या नातवाच्या फुटबॉलच्या जर्सीवर छातीशी लहानसा 10 नंबर होता. गेल्या महिन्यात तो जर्सी सोडून आमच्या वाफेच्या इस्त्रीच्या तळाला जाऊन चिकटला, आणि आरशात दिसावा तसा 01 होऊन बसला. शाळेची मॅच होती, घाई होती, पोरानं बटण तीन टिंबांवर, म्हणजे सगळ्यात जास्त आचेवर, फिरवलं आणि जर्सी सुलट बाजूनं दाबली. इथवर मी माफ केलं असतं. पण आजोबाला कळायच्या आत डाग काढावा म्हणून त्यानं मोरीतली तारेची घासणी आणली आणि नॉनस्टिक तळ घासून काढला. नंबर जागच्या जागी राहिला, वर घासणीचे चंद्रकोरीसारखे ओरखडे उठले.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेलो (कुठली कंपनी ते जाऊ दे). काउंटरवरच्या मुलीनं इस्त्री हातात न घेताच सांगितलं, तळाचा पूर्ण पत्रा बदलावा लागेल, त्या पैशात नवीच येते काका. मग मी पिशवी उचलली आणि सहा वर्षांनी परत आमच्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या त्या बोळात गेलो. हे सगळं त्या दुकानाबद्दल लिहितोय, मधे मधे इस्त्रीबद्दल येईल, कारण तिथं गेलेला माणूस दुरुस्तीबरोबर शिकवणी घेऊनच परततो.

दुकानाला पाटी नाही. धान्याच्या दुकानांच्या मागच्या अंगाला बोळ आहे, त्यात दारापाशी पंख्याची पाती आणि मिक्सरची भांडी टांगलेली दिसली की तेच. आत दोन माणसं बसली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. मिस्त्री साठीच्या आसपासचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. मी केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसवर, तीस वर्षं कंडक्टर होतो, 2018 ला रिटायर झालो. त्यामुळं तो मला मास्तर म्हणतो. मी त्याला मिस्त्रीच म्हणतो.

पहिल्यांदा गेलो तो 2019 च्या महापुरानंतर. आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर काय काय नेलं: कागदपत्रं, गॅसची टाकी, हिच्या पैठण्या, तांदळाचा डबा. इस्त्री खालच्या फळीवर राहिली ती राहिलीच. पाच दिवस पाण्याखाली. ती 1989 ची, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी महाद्वार रोडवरून घेतलेली, 750 वॅटची, हातात घेतली की मनगटाला कळतं असं वजन. त्याच इस्त्रीनं मी नोकरीभर खाकी कडक केली. खाकीला साबुदाण्याची खळ, बाहीला एकच घडी, आणि ती घडी ड्युटी संपेपर्यंत मोडायची नाही असा माझा शिरस्ता. ब्याग आणि तिकिटाचं मशीन खांद्यावर घेऊन गर्दीत घुसायचं, तरीही. लोक हसायचे. हसू देत.

पाणी ओसरल्यावर इस्त्री बाहेर काढली तर तिच्या मुठीतून गाळ गळत होता. शेजारच्या एकानं सांगितलं, दोन दिवस उन्हात ठेव आणि लाव प्लगला. नशीब, मी लावली नाही. मिस्त्रीच्या बोळात त्या आठवड्यात रांग होती: मिक्सर, टेबलफॅन, पाण्याच्या मोटारी, सगळं चिखलाच्या रंगाचं. त्यानं एकही वस्तू आधी लाइनला लावून बघितली नाही. आधी खोलायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, मग वाळवायची, मग तपासायची. "पुराचं पाणी वाळतंय, पण माती न्हाई वाळत मास्तर. ती आत बसून वल धरती, आन् तुमास्नी झटका देती," असं त्याचं म्हणणं.

माझी इस्त्री त्यानं माझ्यासमोर खोलली. त्या दिवशी मला तीस वर्षं वापरलेल्या वस्तूचं पोट पहिल्यांदा दिसलं. वरचं झाकण आणि मूठ निघाल्यावर खाली लोखंडाचं जाड वजन असतं, त्याखाली अभ्रकाच्या पातळ पत्र्यांमध्ये गुंडाळलेली निक्रोमची चपटी तार, आणि मग तळ. तापतं ते एवढंच. अभ्रक मधे अशासाठी, की त्यातून उष्णता जाते पण वीज जात नाही. माझ्या इस्त्रीतल्या अभ्रकाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यात बारीक गाळ शिरला होता. निक्रोमच्या तारेला काही झालं नव्हतं, ती गंजत नाही. तिच्या टोकाच्या पट्ट्या मात्र गंजून हातात आल्या. नवं एलिमेंट बसवलं, त्याचा रोध मोजायला मीटर लावला, काटा सत्तरच्या जरा पुढं. मी म्हटलं, हे बरोबर का चूक ते मला कसं कळणार? त्यानं सांगितलं, घरातली लाइन 230 व्होल्टची, तर 230 ला 230 नं गुणा आणि वॅटनं भागा. आता गुणाकार-भागाकार कंडक्टरला सांगायचा म्हणजे. 52,900 भागिले 750, साडेसत्तर ओहम. जमलं. तेव्हापासून घरात कुठलीही तापणारी वस्तू आली की मी हा हिशेब करतो. हिला त्याचा कंटाळा आलाय.

मग सिरीजचा दिवा. लाकडी पट्टीवर शंभरचा बल्ब, त्याच्यातून इस्त्रीला लाइन द्यायची. इस्त्रीतून वीज सुरळीत गेली की दिवा लागतो. मग एक टोक इस्त्रीच्या अंगाला लावायचं. आता दिवा लागला तर वीज अंगात उतरलीय, ती इस्त्री घरी न्यायची नाही. माझ्या वेळी दिवा विझलेला राहिला. एलिमेंट, नवी सुती वेटोळ्याची वायर आणि तीन पिनांचा प्लग धरून 430 रुपये झाले होते. ती इस्त्री आजही चालू आहे.

आता यंदाची गोष्ट. वाफेची इस्त्री त्यानं चष्मा लावून उलटीसुलटी बघितली आणि विचारलं, "मास्तर, ह्यो नंबर कुणाचा? गोल तरी केला का न्हाई?" मी म्हटलं, हरले. "मग तर लईच वाईट."

चिकटलेलं प्लास्टिक काढायची त्याची पद्धत मी नीट बघून घेतली. इस्त्री एकदम कमी आचेवर ठेवली, नंबर नुसता मऊ पडेल इतकीच. मग लाकडाच्या बोथट पट्टीनं कडेपासून आत ढकलत नेला. घाई नाही. थोडा निघाला की सुती चिंधीला पुसायचा, परत तापवायचं. प्लास्टिक जोरात तापवलं तर ते वितळून पसरतं आणि धूर होतो. थंडच खरवडलं तर त्याबरोबर नॉनस्टिकचा थरही येतो. पंधरा-वीस मिनिटांत नंबर गेला. घासणीचे ओरखडे राहिले, ते कुणाच्या बापाला जायचे नाहीत. त्यावर नवा थर चढवून देतो म्हणणारे आहेत, हा म्हणाला तसल्या भानगडीत पडू नका, ओरखडा नखाला लागत नसेल तर कापडालाही लागत नाही. नखानं तपासलं. दोन जागी लागतो. तिथं रेशमी काही लावत नाही, म्हणजे हिच्या साड्या आता जुन्या इस्त्रीवर.

टिंबांचा अर्थही मला त्याच दिवशी धड कळला. एक टिंब म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. कपड्याच्या आतल्या लेबलावर इस्त्रीच्या चित्रात हीच टिंबं असतात. पॉलिस्टरला दोनच्या वर जायचं नाही, नायलॉनला एकच. छापलेला नंबर, नाव, चित्र असेल तर जर्सी उलटी करायची किंवा मधे सुती पंचा घ्यायचा. आणि घरात ढीगभर कपडे असतील तर आधी नाजूक, मग टेरिकॉट, शेवटी सुती. कारण इस्त्री तापते पटकन आणि निवते सावकाश. तीन टिंबांवरून एकावर आणून लगेच जर्सीवर ठेवली तर ती अजून तिनावरच असते. आमच्या पोरानं नेमकं माझ्या सुती शर्टनंतर लगेच जर्सी घेतली होती, हे नंतर कबूल केलं.

आता जळका, तपकिरी डाग. तो जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि त्यावर प्रत्येकाचा उपाय वेगळा. मी गेल्या काही वर्षांत जुन्या इस्त्रीवर सगळे करून बघितलेत, मिस्त्रीला सांगितलेत आणि त्याच्याकडून बोलणीही खाल्लीत.

मीठ: वर्तमानपत्रावर जाडं मीठ पसरायचं आणि गरम इस्त्री त्यावरून फिरवायची. चालतं. मीठ बारीक वाळूसारखं काम करतं. पण तळ उघड्या धातूचा असेल तरच. नॉनस्टिकवर मीठ म्हणजे आमच्या नातवाच्या घासणीचं धाकटं भावंड. मेणबत्ती कापडात गुंडाळून गरम तळावर घासायची, हेही धातूवर बरं, पण नंतर जुन्या फडक्यावर दहा वेळा फिरवली नाही तर पुढच्या शर्टला मेण लागलंच. टूथपेस्टनं चकाकी येते, डाग फारसा जात नाही, आणि भोकं असलेल्या इस्त्रीत पेस्ट भोकात बसते. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून थंड तळावर लावायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, हा मला सगळ्यात निरुपद्रवी वाटला. व्हिनेगर फडक्यावर घेऊन पुसलं तरी चालतं.

आणि पॅरासिटामॉलची गोळी. हे ऐकून मी आधी हसलो होतो. गरम इस्त्री, गोळी चिमट्यात धरायची, डागावर घासायची. गोळी 169 अंशांच्या आसपास वितळते आणि वितळलेलं औषध जळका थर सैल करतं; लगेच जाड सुती कापडानं पुसायचं. माझा खळीचा जुना काळा डाग दोन गोळ्यांत गेला. पण धूर असा काही होतो की पहिल्या वेळी ही खोकत बाहेर आली आणि म्हणाली, "मी आता माहेराला जातो, तुम्ही आणि तुमची इस्त्री राहा." (आमच्याकडं बायकाही "जातो"च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) खिडकी उघडी ठेवा, हात लांब ठेवा, हे मिस्त्रीनंही सांगितलं. त्याचं पुढचं वाक्य मात्र खरं महत्त्वाचं होतं: "डाग काढायला शिकलासा, पण डाग पडतोय कशानं ते इचारलं न्हाईसा."

डाग पडतो खळीनं. माझ्यासारख्यांच्या खळीनं. साबुदाणा नीट शिजला नाही, गाळला नाही, की गुठळी कापडावर राहते आणि इस्त्रीखाली करपते. त्यात कपडा कडकडीत वाळलेला असला की माणूस आच वाढवतो. म्हणजे दुप्पट करपणार. पूर्वी आमची आई कपड्यावर पाणी शिंपडून, गुंडाळी करून अर्धा तास ठेवायची आणि मग निखारे भरलेला तांब्या फिरवायची. मला वाटायचं ते तांब्यामुळं. ते पाण्यामुळं होतं. आता मी खळ फडक्यातून गाळतो, कपडा दमट असतानाच घेतो, गडद रंगाचा असेल तर उलट्या बाजूनं. आणि काम झाल्यावर इस्त्री कोमट असतानाच ओल्या फडक्यानं एकदा पुसतो, प्लग काढून. दहा सेकंदांचं काम. तेव्हापासून गोळी लागली नाही.

वाफेच्या इस्त्रीची दुसरी तक्रार पाण्याची होती. भोकांतून पांढरे कण पडायचे, आणि पांढऱ्या शर्टवर तांबूस थेंब. मिस्त्रीनं पहिला प्रश्न विचारला, कुठलं पाणी घालता? बोअरचं. त्यानं कपाळाला हात लावला. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेला चुना तापल्यावर बाहेर पडतो आणि आत खडूसारखा बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. भोकं बुजतात, मग वाफ जाईल तिकडून जाते. थेंब पडायचं दुसरं कारण त्यानं बटण फिरवून दाखवलं: वाफेचं चिन्ह वरच्या आचेपाशी असतं. त्याच्या खाली बटण असताना वाफ सोडली की पाण्याची वाफ होतच नाही, पाणीच खाली येतं. म्हणजे निम्मा दोष माझा.

साफ करायची रीत इस्त्रीच्या पुस्तिकेत होती, पण पुस्तिका कोण वाचतो. टाकी भरायची, बटण सगळ्यात वर, दिवा विझेपर्यंत तापू द्यायची. मग प्लग काढायचा, मोरीवर आडवी धरायची, सेल्फ क्लीनचं बटण दाबून पुढंमागं हलवायची. उकळतं पाणी आणि वाफ खाली उसळते, त्याबरोबर चुना. त्यानं दुकानाबाहेर गटारीवर केलं तेव्हा पहिल्यांदा आलेलं पाणी ताकासारखं होतं. तीनदा केलं तेव्हा निवळ आलं. भोकांच्या कडा त्यानं ओल्या कानकाडीनं फिरवून घेतल्या. सेफ्टी पिन घालू नका म्हणाला, भोक मोठं होत नाही पण थर उचकटतो. टाकीत व्हिनेगर? मी विचारलं, कारण मुंबईच्या मेहुणीचा सल्ला होता. आतली रबरं खराब होतात आणि पुस्तिकेतही मनाई आहे. बघितलं, खरंच आहे. खळ, अत्तर, तेही टाकीत नाही.

आता आम्ही डिस्टिल्ड वॉटर आणतो, बॅटरीत घालायचं मिळतं तेच, निम्मं नळाचं पाणी मिसळून. बाटलीवरचं वाचून घ्या. शेजारीच ॲसिडची बाटलीही तशीच दिसते. एसीतून गळणारं पाणी फुकट मिळतं म्हणून घालणारे आहेत, त्यात धूळ आणि घाण असते, तेवढी काटकसर नको. काम झालं की टाकी रिकामी करायची, इस्त्री उभी ठेवायची. पाणी आत ठेवून आडवी ठेवली तर दुसऱ्या दिवशी फळीला डाग आणि इस्त्रीला गंज.

वायरीबद्दल तो बोलतो तेव्हा त्याचा आवाज चढतो. गरम इस्त्रीभोवती वायर घट्ट गुंडाळायची सवय सगळ्यांना आहे, मलाही होती. आतली रबर कडक होते, मुठीपाशी तार तुटते, आणि मग "हलवली की चालते" अशी इस्त्री तयार होते. ही सगळ्यात धोक्याची, कारण माणूस ती हलवून हलवून वर्षभर वापरतो. निवल्यावर सैल वेटोळं करून बाजूला ठेवायची, एवढंच. आमच्या प्लगचं बूडही तपकिरी झालं होतं. इथं माझं गणित परत कामाला आलं: 1600 वॅट भागिले 230, जवळजवळ 7 अँपिअर. आणि आम्ही लावत होतो 6 अँपिअरच्या बारक्या सॉकेटला. जुनी 750 ची तिथं चालते, सव्वातीन अँपिअर. नवीला 16 चा मोठा सॉकेट पाहिजे. हे कंपनीच्या माणसानं विकताना सांगायला हवं होतं, पण तो ऑफर सांगण्यात गुंतला होता.

इस्त्री "टक" करते आणि दिवा विझतो, तो आवाज दोन धातूंच्या जोडपट्टीचा. दोन्ही धातू कमीजास्त फुगतात म्हणून पट्टी वाकते आणि लाइन तोडते. दिवा कधीच विझत नसेल तर पट्टीचे पॉइंट चिकटलेत. लगेच बंद करा. नवी घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस 366 हा आकडा बघा, हेही त्यानंच सांगितलं.

बिल: नंबर काढणं, चुना साफ करणं, नवी वायर आणि प्लग मिळून 320 रुपये. सर्व्हिस सेंटरचा आकडा याच्या पाचपट होता.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर लोकांना वाटेल माझा पाहुणा आहे. हा माणूस वेळ पाळत नाही. "उद्या या" म्हणजे परवा, आणि परवा गेलं की कुणाच्या तरी बारशाला गेलेला असतो. मला तीन खेपा पडल्या. पावती देत नाही, फोन उचलत नाही, जुना निघालेला पार्ट मागितल्याशिवाय हातात देत नाही; मागा, देतो. वाफेच्या इस्त्रीचा आतला पंप किंवा सर्किट गेलं असेल तर तो सरळ हात वर करतो, तेवढ्यासाठी मात्र कंपनीकडंच जावं लागेल. आणि उपदेश फार. माझ्यापुढं उभ्या असलेल्या एका ताईंना त्यानं इस्त्री पूर्ण तपासून परत दिली, पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या घरातल्या सॉकेटची लाज काढून मगच सोडली. त्या रागानं गेल्या. पाचापैकी चार देतो, एक खेपांचा वजा.

सोमवारी बंद असतं. मंगळवारी अकराच्या पुढं जा, त्याआधी चहा चालू असतो. वाफेची इस्त्री नेणार असाल तर टाकीतलं पाणी घरीच ओता. माझी पिशवीत गळली, आणि तो म्हणाला, "मास्तर, बोअरचं पाणी दाखवायला कशापायी आणलंसा? मला चवीनं कळतंय."